रोजकीर्द सर्वांची, खतावणी कोणाची?

माझे मामा अकोल्याला एका अडत दुकानात मुनीम होते. कापसाच्या हंगामात त्यांच्या बैठकीवर लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या उघड्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे : कोणाकडून किती आले, कोणाला किती दिले. रात्री दुकान बंद झाले की कंदिलाशेजारी बसून मामा ‘खतवत’. म्हणजे रोजकीर्दीतली प्रत्येक ओळ त्या त्या माणसाच्या नावाच्या पानावर नेऊन मांडायची. रोजकीर्द वाचून दिवस कळतो, खतावणी वाचून माणूस कळतो, असे ते म्हणत. एखाद्या रकमेचा धनी लागेनासा झाला, तर ती अंदाजाने कोणाच्या तरी नावावर टाकत नसत. तिच्यासाठी ‘उचंत खाते’ नावाचे वेगळे पान होते. या उचंत खात्याकडे आपण पुढे येणार आहोत, तेव्हा ते लक्षात ठेवावे.

हे सारे आठवले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. अकोल्यात नोकरी करणारा हा मुलगा मागील वर्षी अमरावतीला घरी आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी आपल्याजवळचे थोडे टेथर (डॉलरच्या भावाशी बांधलेले एक कूटचलन) मोबाइलवरून एका अनोळखी ग्राहकाला विकले. पैसे बँकेत जमा झाले, ते घरखर्चाला लागले. मग एके दिवशी त्याचे खातेच गोठले. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की कुठल्याशा फसवणुकीचा पैसा ज्या खात्यांमधून फिरला, त्या साखळीत तुमचे खाते ‘तिसऱ्या लेयर’ला आहे. तो मला म्हणाला, “सर, त्या चोराले म्या पाह्यलं बी नाही, मंग माह्यं खातं काहून बंद?” मी गणिताचा शिक्षक. कायद्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण ‘तिसरा लेयर’ हा शब्द आलेखशास्त्राचा आहे, आणि त्याबद्दल मला काही सांगता येण्यासारखे होते. ते सांगण्याआधी, अशा साखळ्या शोधण्याची विद्या जिथे वाढली तिथले मूळ लेखन वाचून पाहावे, असे ठरवले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. वर्तमानपत्रांतून त्याला ‘गुप्त चलन’ म्हणण्याची पद्धत पडली, पण ती दिशाभूल करणारी आहे. बिटकॉइन म्हणजे जगाच्या चौकात उघडी ठेवलेली रोजकीर्द. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार तीत आहे आणि ती कोणालाही उतरवून घेता येते. फक्त माणसांच्या नावांच्या जागी अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ असते. तिला पत्ता म्हणतात. एक माणूस हवे तितके पत्ते घेऊ शकतो, आणि बहुतेक जण घेतातच. म्हणजे रोजकीर्द आहे, पण खतावणी नाही. व्यवहारांच्या जाळ्याचा अभ्यास करणारे संशोधक नेमके खतावणीचे काम करतात : कोणते पत्ते एकाच धन्याचे, हे शोधून त्यांची एकेक पाने तयार करणे.

वऱ्हाडाला बिननावाच्या पैशाचे नवल वाटावे असा आपला इतिहास नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला भाव आला, आणि एवढ्या पैशाची ने-आण पुष्कळशी हुंडीवर झाली. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शहाजोग हुंडी. पण हुंडीचा सगळा प्राण नावात. लिहिणारा कोण, स्वीकारणारा कोण, मधे बेचाण कोणी केले, त्यांची पत काय, यावर ती चाले. वही मात्र ज्याची त्याच्या घरात. बिटकॉइनने हे बरोबर उलटे केले. वही चौकात आणली, नावे घरात ठेवली.

पत्त्यांचे गट पाडण्याचे पहिले प्रयत्न २०११ मध्ये डब्लिनच्या रीड आणि हॅरिगन यांनी केले. पण या विषयाचा पाया म्हणून आज ज्या निबंधाकडे पाहिले जाते, तो २०१३ चा. सारा माइकलजॉन आणि त्यांचे सहा सहकारी यांचा, ‘अ फिस्टफुल ऑफ बिटकॉइन्स’ या नावाचा. त्यातले बहुतेक जण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले. निबंध वाचनीय आहे, आणि प्रयोग करण्याची त्यांची रीत शिक्षकांना आवडेल अशी आहे. नुसत्या आकड्यांवर न विसंबता त्यांनी स्वतः ग्राहक होऊन ३४४ व्यवहार केले. निरनिराळ्या बाजारपेठांत पैसे भरले, काढले, किरकोळ चीजवस्तू विकत घेतल्या. ज्या पत्त्यावर पैसे दिले तो कोणाचा हे त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष ठाऊक झाले. अशा रीतीने हजाराच्या आसपास पत्त्यांवर त्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवली. मग दोन युक्त्या वापरून त्या चिठ्ठ्या इतर पत्त्यांवर पसरवल्या.

पहिली युक्ती अशी. बिटकॉइनमध्ये रक्कम खात्यात ‘शिल्लक’ म्हणून पडून नसते, ती नोटांसारखी सुटी असते. मोठी रक्कम द्यायची तर दोन-तीन लहान रकमा एकत्र करून द्याव्या लागतात. प्रत्येक रकमेला तिच्या पत्त्याची खासगी किल्ली लागते. ज्याअर्थी एकाच व्यवहारात तीन पत्त्यांच्या किल्ल्या लागल्या, त्याअर्थी तिन्ही एकाच्याच खिशात असणार. हा धागा सुटतो, हे खुद्द नाकामोतोच्या मूळ लेखातही नोंदलेले आहे.

दुसरी युक्ती मोडीची. बाजारात तुम्ही ३४० रुपयांची ढेप घेतली आणि पाचशेची नोट दिली, तर १६० रुपये मोड परत येते. बिटकॉइनमध्ये जणू पाचशेची नोट फाडली जाते आणि ३४० ची एक, १६० ची एक अशा दोन नव्या नोटा बनतात. दुकानदाराची त्याच्या पत्त्यावर, मोडीची तुमच्या. मोड घेण्यासाठी बहुतेक वेळा अगदी कोरा करकरीत पत्ता वापरला जातो. तेव्हा दोन पत्त्यांपैकी एक वहीत आधी येऊन गेलेला असेल आणि दुसरा प्रथमच दिसत असेल, तर प्रथमच दिसणारा तो मोडीचा, म्हणजे देणाऱ्याचाच, असे धरायचे.

या दोन युक्त्यांनी हजाराच्या आसपास चिठ्ठ्यांचे सुमारे अठरा लाख पत्ते झाले. एका चिठ्ठीमागे हजार-दीड हजार पत्ते, किंबहुना थोडे अधिकच. निबंधाची कीर्ती या गुणाकारावर उभी आहे, आणि माझी तक्रारही तिथूनच सुरू होते.

दोन्ही युक्त्यांत एक फरक आहे. पहिलीला किल्ल्यांचा आधार आहे. दुसरी निव्वळ माणसांच्या सवयीवर उभी आहे, आणि सवय म्हणजे नियम नव्हे. लेखकांना हे ठाऊक होते. ही युक्ती सरसकट लावली तर चुकीचे प्रमाण सुमारे १३ टक्के येते असे त्यांनीच मोजले. काही विशिष्ट व्यवहार वगळून आणि पत्त्यावर शिक्का मारण्यापूर्वी आठवडाभर वाट पाहून त्यांनी ते एक टक्क्याच्याही खूप खाली आणले. एवढ्याने काम भागावे असे कोणालाही वाटेल. पण तसे झाले नाही. माउंट गॉक्स ही त्या काळची मोठी विनिमय पेढी, बिटपे ही दुकानदारांसाठी पैसे गोळा करणारी कंपनी आणि सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बेकायदा बाजार, हे सगळे एकाच प्रचंड गुच्छात येऊन बसले. म्हणजे त्या हिशेबाने हे तिघे एकच धनी ठरत होते! लेखकांनी ही गोष्ट लपवली नाही, नियम आणखी कडक करून गुच्छ फोडला. हा प्रामाणिकपणा दाद देण्यासारखा आहे. मात्र हे का घडले, याचे गणित निबंधात पुरेसे उलगडलेले नाही, आणि वर्गात सांगण्यासारखा भाग नेमका तोच आहे.

समजा, क, ख, घ हे तीन पत्ते खरोखर एका माणसाचे आहेत आणि प, फ, ब, भ हे चार दुसऱ्याचे. दोन्ही गट बरोबर पाडले आहेत. आता घ आणि प यांच्यात एक, फक्त एक, चुकीचा धागा जोडला गेला. काय होईल? ‘एकाच धन्याचे असणे’ हा संबंध संक्रमणशील आहे : क आणि ख एकाचे, ख आणि घ एकाचे, म्हणून क आणि घ एकाचे. त्यामुळे एका धाग्यासरशी सातही पत्ते एका पानावर जातात. चुकीच्या जोड्या मोजा. क-प, क-फ, क-ब... तीन चोक बारा. चूक एक, खोटी विधाने बारा. गट हजार-हजारांचे असतील तर खोटी विधाने दहा लाख. उलट, जोडायला हवा तो धागा राहून गेला, तर माणसाची दोन पाने होतील, एवढेच. खतावणी अपुरी राहील, पण खोटी ठरणार नाही. दोन प्रकारच्या चुका अशा विषम वजनाच्या असताना त्यांना ‘टक्के’ या एकाच मापाने मोजणे म्हणजे सोने आणि सरकी एकाच तराजूत घालणे होय.

महागुच्छाचेही नवल वाटायला नको. हंगेरीच्या एर्डॉश आणि रेन्यी या गणितज्ञांनी १९५९-६० च्या सुमारास दाखवून दिले होते की हजार बिंदू घेऊन त्यांत वाटेल तसे धागे जोडत गेल्यास सुरुवातीला छोटेछोटे तुकडेच दिसतात. पण धागे पाचशेच्या पुढे गेले की पाहता पाहता एक अवाढव्य तुकडा तयार होतो. चुकीचे धागे एक टक्क्याहून कमी असले तरी लाखो व्यवहारांत त्यांची संख्या हजारांनी भरते. त्यात ते धागे वाटेल तसे विखुरलेले नसतात. ज्या पेढ्यांशी सगळ्यांचाच व्यवहार, तिथे ते अधिक पडतात. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या कोंडोर आणि सहकाऱ्यांनी याच जाळ्यावर दाखवले की ज्या पत्त्याला आधीच पुष्कळ जोड आहेत त्याला नवे जोड अधिक मिळतात. अडत्याकडे गाड्या जास्त उभ्या, म्हणून पुढची गाडीही तिथेच लागते, तसेच हे. तेव्हा गुच्छ जमणारच.

पहिली युक्तीही फार काळ अभेद्य राहिली नाही. २०१३ मध्येच ‘कॉइनजॉइन’ची कल्पना मांडली गेली : अनेक अनोळखी लोकांनी आपापल्या रकमा एकाच व्यवहारात एकत्र करायच्या. किल्ल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या, पण बाहेरून पाहणाऱ्याला सगळे एकाच खिशातले दिसते. आणि टेथरसारखी चलने ज्या वह्यांवर चालतात (माझ्या विद्यार्थ्याचे तेच होते) त्या इथेरियम, ट्रॉन वगैरे वह्यांत सुट्या नोटांची पद्धतच नाही. तिथे पत्ता म्हणजे सरळ खाते, शिल्लक वरखाली होते. रकमा एकत्र करणे नाही, मोडही नाही. तेव्हा २०१३ च्या दोन्ही युक्त्या तिथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. लोकप्रिय लेखांमधून मात्र ‘आता प्रत्येक कूटचलनाचा माग निघतो’ असे सर्रास लिहिले जाते, तेव्हा कोणते चलन आणि कोणती युक्ती, एवढे तरी विचारावे.

धन्याचे नाव लावताना थोर माणसेही कशी घसरतात, याचे एक उदाहरण देतो. अदी शमीर हे नाव संगणकाच्या शिक्षकांना ठाऊक असेल. आरएसए या कूटपद्धतीतला मधला ‘एस’ त्यांचा. त्यांनी आणि डोरित रॉन यांनी बिटकॉइनच्या मे २०१२ पर्यंतच्या संपूर्ण जाळ्याचा अभ्यास केला. पन्नास हजारांवरचे जवळजवळ सगळे व्यवहार नोव्हेंबर २०१० मधल्या नव्वद हजार बिटकॉइनच्या एकाच व्यवहाराची वंशावळ आहेत, हा त्यांचा शोध सुंदर आहे. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये याच दोघांनी सिल्क रोडच्या चालकाकडे गेलेल्या एका रकमेचा धागा मागे नेत नेत फार जुन्या पत्त्यांपाशी पोचवला, आणि तो खुद्द नाकामोतोशी जुळत असावा अशी शक्यता बोलून दाखवली. मोठ्या वृत्तपत्रांत बातमी झळकली. काही दिवसांतच एका संगणक सुरक्षा तज्ज्ञाने पुढे येऊन सांगितले की तो पत्ता माझा आहे, मी सुरुवातीपासूनच बिटकॉइन बाळगून होतो, आणि ती रक्कम मी विनिमय पेढीत भरली होती. लेखकांनी विधान मागे घेतले. आलेखातला बाण बरोबर होता, बिंदूवरचे नाव चुकले होते. मामांनी ही रक्कम उचंत खात्यात टाकली असती.

आणि हीच उणीव आजच्या व्यापारी साधनांत राहिली आहे. माइकलजॉन यांच्या निबंधातली विद्या पुढे कंपन्यांनी उचलली. चेनॅलिसिस ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिच्या मदतीने झालेली कामे लहान नाहीत. लहान मुलांच्या शोषणाची चित्रे विकणारे एक संकेतस्थळ बिटकॉइनच्या मागावरून उघडकीस आले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्या कारवाईत तीनशेवर लोक पकडले गेले आणि किमान तेवीस मुलांची सुटका झाली. अँडी ग्रीनबर्ग यांच्या ‘ट्रेसर्स इन द डार्क’ (२०२२) या पुस्तकात अशा तपासांची हकीकत आहे, आणि ती हातातून खाली ठेववत नाही. फक्त हे पुस्तक पकडलेल्यांचे आहे. चुकून ज्यांच्याकडे बाण गेला त्यांची हकीकत कोण लिहिणार? शोधकथेला यशच लागते. त्यामुळे अशी पुस्तके वाचून पद्धतीच्या अचूकतेचा अंदाज करणे म्हणजे केवळ गुणवत्ता यादी पाहून शाळेचा निकाल ठरवण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या ‘बिटकॉइन फॉग’ खटल्यात हा प्रश्न उघड्यावर आला. बचाव पक्षाने विचारले की या साधनाच्या चुकीचे प्रमाण किती? ते मोजणारा शास्त्रीय अभ्यास आपल्याला ठाऊक नाही, असे कंपनीच्या तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितले. न्यायाधीशांनी २०२४ मध्ये तरीही तो पुरावा ग्राह्य धरला, आरोपी दोषी ठरला आणि त्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात इतरही पुरावे होते, तेव्हा निकालाविषयी मला काही म्हणायचे नाही. पण आपण नववीच्या मुलाला प्रयोगवहीत ‘त्रुटी’ हा रकाना कोरा ठेवू देत नाही. इथे तो कोरा आहे. आणि साधनाच्या आतले नियम व्यापारी गुपित म्हणून झाकलेले असल्याने बाहेरच्या कोणाला तो भरताही येत नाही. २०१३ चा निबंध आपली चूक स्वतः मोजून छापतो. त्याच्या पोटी जन्मलेला धंदा मात्र खतावणी दाखवतो आणि खतवण्याची रीत झाकून ठेवतो. माझा मुख्य आक्षेप हा.

महाराष्ट्राला यातला आणखी एक धडा महागात पडला. दरमहा दहा टक्के परतावा, तोही अठरा महिने, अशी लालूच दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेचा गुन्हा पुण्यात दाखल होऊन २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक झाली. तपासात मदत करण्यासाठी पोलिसांनी बाहेरचे दोन तज्ज्ञ घेतले होते. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासात हाती आलेले कूटचलन परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. रोजकीर्द साऱ्या जगाला दिसत असली, तरी ती वाचता येणारे मोजकेच असले तर काय होऊ शकते, हे यावरून दिसावे. आपल्याकडच्या कोणत्या शाळेत, कोणत्या महाविद्यालयात हे वाचन शिकवले जाते? आलेखशास्त्राची प्राथमिक ओळखसुद्धा बारावीपर्यंतच्या गणितात नाही.

आता विद्यार्थ्याच्या ‘तिसऱ्या लेयर’कडे येतो. त्याच्या बाबतीत दोन वह्या होत्या. टेथरची उघडी, बँकेची झाकलेली. पाठलाग झाला तो बँकेच्या वहीत. पण गणित तेच. समजा, एका खात्यातून महिन्याभरात वीस वेगवेगळ्या खात्यांत पैसे जातात. फार नाही, किराणा, दूध, पेट्रोल, मित्र, भिशी एवढ्यात वीस होतात. पहिल्या पायरीला २० खाती, दुसरीला ४००, तिसरीला ८,०००, चौथीला १,६०,०००. काही खाती पुनःपुन्हा येतील, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरेल. तरीही ‘चोरीच्या पैशापासून तीन पावलांवर’ असण्याने माणसाबद्दल फारसे काही कळत नाही. राजकमल चौकातला कोणताही चहावाला कोणाच्या ना कोणाच्या तिसऱ्या लेयरला आहेच. अर्थ असलाच तर अंतराला नाही, वाटेने किती रक्कम वाहिली आणि किती वेळात वाहिली, याला. फसवणुकीचे एक लाख तासाभरात तीन खात्यांतून सरळ पुढे गेले, तर ती वाट बोलकी आहे. त्यातले हजार रुपये महिन्याने फिरत फिरत एखाद्याच्या खात्यात आले, तर ती वाट मुकी आहे. जाळ्याच्या कडेवर रक्कम आणि वेळ लिहिल्याशिवाय नुसती पावले मोजणे हे अर्धे गणित झाले.

मी हे त्याला कागदावर आकृती काढून समजावले. तो कागद घेऊन तो बँकेत गेला, आपण टेथर विकल्याची नोंद, तारीख, वेळ, ग्राहकाने भरलेली रक्कम सगळे सोबत जोडून. बऱ्याच हेलपाट्यांनंतर वादातली रक्कम तेवढी अडवून बाकीचे खाते मोकळे झाले. ती रक्कम अजून अडकलेलीच आहे.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर संगणकाची गरज नाही. पंचवीस-तीस चिठ्ठ्यांवर पत्ते लिहावेत, सहा मुलांत गुपचूप वाटावेत, आणि खोट्या नोटांनी अर्धा तास बाजार भरवावा. प्रत्येक व्यवहार फळ्यावर पत्त्यांनिशी लिहावा. मग दुसऱ्या वर्गातल्या मुलांना फक्त फळा दाखवून धनी ओळखायला सांगावे. आमच्या शाळेत हा खेळ केला तेव्हा दोन मुलांनी ठरवून एकदा रकमा एकत्र करून दिल्या होत्या. ओळखणाऱ्यांनी त्या दोघांना सरळ एकच माणूस ठरवले, आणि त्यांच्या अकराही चिठ्ठ्या एकाच पानावर नेऊन मांडल्या. फक्त एका मुलीने तो व्यवहार बाजूला लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते. तिला विचारले तर म्हणाली, इथपर्यंत पक्के होते, इथून पुढे मला माहीत नाही.